बागेच्या जमाखात्यातली माणसं

(आपल्या सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी समारंभात केलेलं भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'ऋणनिर्देश' असं लिहिलंय. बँकेत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला ऋण हा शब्द दिसला की तो आधी हिशेब बघतो. तेव्हा तसाच बघू. लिफ्टवाले, वॉचमन, प्लंबर, पंपाची मोटर रात्री दोनला दुरुस्त करून देणारा आपला इलेक्ट्रिशियन, या सगळ्यांचे आभार सेक्रेटरींनी मघाशी मानलेच. ते पुन्हा मानून मी तुमचा वेळ खाणार नाही. पण एक खातं राहून गेलंय. ते आपल्या कंपाउंडच्या बाहेर आहे, चालत दहा मिनिटांवर. राणीची बाग.

कागदोपत्री तिचं नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. पण आपण सगळे तिला राणीबागच म्हणतो आणि माझ्या तोंडातूनही आज तेच येणार, त्याला इलाज नाही. गेली पंचवीस वर्षं आपल्या सोसायटीतले निम्मे लोक सकाळी तिथे पायपीट करतात. बुधवारी बाग बंद, म्हणून बुधवारी आपल्या जिन्यात ज्येष्ठ नागरिक चिडचिडे असतात हे सूनबाईंना विचारा.

ही बाग मिळाली कशी, हे मुलांना ठाऊक असावं म्हणून थोडक्यात सांगतो. अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया नावाची संस्था होती. तिची पहिली बाग शिवडीला. ती जागा पुढे दफनभूमीकडे गेली आणि बाग इथे भायखळ्याला आली. 1862 साली ती लोकांसाठी खुली झाली आणि 1873 मध्ये महापालिकेकडे आली. प्राणी नंतरचे बरं का, आधी झाडं. शेजारचं म्युझियम उभं करण्यात डॉ. भाऊ दाजी लाड आणि नाना शंकरशेट यांनी कष्ट घेतले, डेव्हिड ससूनने घड्याळाच्या मनोऱ्यासाठी पैसे दिले. म्हणजे कोणी जमीन, कोणी पैसा, कोणी रोपं, असं करत ते खातं उघडलं गेलं. म्युझियमच्या अंगणातला दगडी हत्ती तर घारापुरीचा. 1864 मध्ये तो इंग्लंडला न्यायला निघाले होते, उचलताना त्याचे तुकडे झाले, म्हणून आपल्याकडे राहिला. पुढे 1914 मध्ये ते तुकडे जोडून त्याला पुन्हा उभा केला. फोर्टातला खरा काळा घोडाही 1965 पासून इथेच आहे. मोडलेलं, हलवलेलं, नको झालेलं असं बरंच काही या बागेने सांभाळलंय.

आता अलीकडची गोष्ट, जी मुलांच्या पुस्तकात नाही. 2007 च्या सुमाराला या बागेचं आंतरराष्ट्रीय दर्जाचं प्राणिसंग्रहालय करायची मोठी योजना आली. काचेचे पिंजरे, नवी बांधकामं, भरपूर कोटी. कागदावर छान दिसत होतं. पण बागेत तीन हजारांवर झाडं आहेत, अडीचशेहून जास्त जातींची. गोरखचिंच, कैलासपती, सीता अशोक, आणि फुलली की माणूस जागीच थांबतो ती उर्वशी. त्या योजनेत यांचं काय होणार, हा प्रश्न काही नागरिकांनी विचारला. त्यात बायका पुढे होत्या. कुणी झाडांची अभ्यासक, कुणी वास्तुरचनेतली, कुणी आपल्यासारखीच सकाळी फिरायला येणारी. त्यांनी 'सेव्ह राणी बाग' म्हणून काम सुरू केलं, कागद मिळवले, झाडांच्या नोंदी काढल्या, वारसा समितीपुढे बाजू मांडली. वर्षानुवर्षं. शेवटी मूळ आराखडा बदलावा लागला.

मला त्यांचं कौतुक वाटतं ते चिकाटीचं. एखादी फाइल कशी थकवते हे मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिलंय. मोर्चा एका दिवसाचा असतो. तारखेला हजर राहणं, झेरॉक्स काढणं, पुन्हा पत्र लिहिणं याला फोटो नसतो. पेंग्विन आले, गर्दी वाढली, तिकीट वाढलं, त्याबद्दल प्रत्येकाचं मत वेगळं असेल. माझंही आहे, पण ते जेवताना सांगेन. आज त्या सावलीतून आपण चालतो त्यातली बरीचशी सावली या बायकांनी राखलेली आहे, एवढं मात्र नोंदवून ठेवा.

हे झालं मोठ्या नोंदींचं. माझा खरा मुद्दा किरकोळ खात्याचा आहे.

टाळेबंदी आठवा. आपण गॅलरीत उभे राहून थाळ्या वाजवत होतो. बागेचं फाटक बंद. लोकल सर्वसामान्यांसाठी बंद. पण प्राण्यांना कुठली टाळेबंदी? रोज खाणं, रोज पाणी, रोज पिंजरा धुणं. प्राणिपाल येत होते, माळी येत होते, मिळेल त्या बसने. बाग उघडल्यावर मी एका माळीदादांना विचारलं, "तुम्हाला भीती नाही वाटली?" ते म्हणाले, "वाटली ना साहेब. पण एप्रिल-मे महिना, पाणी कोण देणार?" आणि पाइप ओढत पुढे गेले. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ आलं. मुंबईत शेकडो झाडं पडली. तेव्हाही कोयते आणि करवती घेऊन फांद्या उचलणारी हीच माणसं.

यांची कामं आपल्याला दिसत नाहीत, कारण आपण पोचतो तोवर ती झालेली असतात. पालापाचोळा गोळा झालेला, आळी भरलेली, वाळकी फांदी कुणाच्या डोक्यात पडायच्या आत उतरवलेली.

आता थोडं घरचं बोलतो. तुमच्यातल्या जुन्या लोकांना माहीत आहे, माझ्या पत्नीला अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवा पाय ओढत चालायची. डॉक्टर म्हणाले, रोज चालवा, सपाट जागेवर. आपल्या फुटपाथवर वॉकर घेऊन चालणं म्हणजे काय ते सांगायला नको. म्हणून मी तिला बागेत न्यायला लागलो. फाटकापासून कैलासपतीपर्यंत जायचं, टेकायचं, परत यायचं. धडधाकट माणसाला पाच मिनिटं, आम्हाला पाऊण तास.

कैलासपतीची फुलं बुंध्यावर येतात, मोठी, मांसल, सुवासिक. दिसायला देखणी. पण खाली पडून तुडवली गेली की केळीच्या सालीसारखी निसरडी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की त्या झाडाखालचा एक पट्टा, साधारण वॉकरच्या रुंदीचा, आम्ही पोचायच्या आधी स्वच्छ झाडलेला असतो. बाकीच्या वाटेवर फुलांचा सडा, आणि मधे ही पट्टी. झाडलोट करणारी एक बाई रोज आधी तेवढं करायची आणि मग आपली नेमून दिलेली बाजू घ्यायची. मी विचारलं तर म्हणाली, "मावशी घसरल्या तर?" एवढंच. दोन वर्षं आणि काही महिने तिने हे केलं. रजेवर जायची तेव्हा दुसरीला सांगून जायची. पावसाळ्यात शेवाळ खरवडायची. सणाला मी पाकीट पुढे केलं तर घेतलं नाही. मात्र पत्नीने बटव्यातून काढलेली आल्याची वडी घ्यायची, आणि दोघी माझ्याबद्दल काहीतरी बोलून हसायच्या.

पत्नी गेल्याला आता चार वर्षं होतील. शेवटच्या आजारपणातही तिने मला विचारलं होतं, "तिच्या मुलीची दहावी झाली का?"

त्या बाईंचं नाव मी इथे घेत नाही, कारण "काका, माइकवर नको," असं त्यांनी बजावलंय. पण एक गोष्ट मला परवा कळली. त्या महापालिकेच्या नोकरीत नाहीत, ठेकेदाराकडे आहेत. ठेका संपत आलाय. नवा ठेकेदार जुन्या बायकांना ठेवेलच असं नाही.

बँकेत तक्रारीची पत्रं रोज यायची. कौतुकाचं पत्र वर्षात एखादं. पण आलं की ते माणसाच्या फाइलला लागायचं आणि पुढे बढतीच्या वेळी, बदलीच्या वेळी कोणीतरी ते काढून वाचायचं. नुसतं "थँक यू" हवेत जातं, आवक-जावक नंबर पडलेला कागद राहतो. कायम नोकरीतल्या माळ्यांना निदान सेवापुस्तक असतं. या बाईंना फाइलच नाही. म्हणून त्यांच्या हातात असा कागद पाहिजे, जो त्या कोणापुढेही ठेवू शकतील.

कार्यकारिणीच्या परवानगीने मी पत्र तयार केलंय, सोसायटीच्या लेटरहेडवर, उद्यान खात्याच्या नावे. माळी, प्राणिपाल, मुकादम, पहारेकरी, सगळ्यांचा उल्लेख आहे. नाव ठाऊक होतं तिथे पूर्ण नाव, कामाची वेळ आणि केलेलं काम लिहिलंय. त्या बाईंचंही, त्यांना विचारून. नुसतं "सर्व कर्मचारी" असं मोघम ठेवलेलं नाही. एक प्रत बागेच्या कार्यालयात देऊन पोच घेणार, एक त्यांना. गुरुवारी सकाळी मी स्वतः जातोय, कोणाला सोबत यायचं असेल तर साडेसहाला गेटपाशी या.

सह्यांचे कागद मागच्या टेबलावर आहेत. फ्लॅट नंबर सुवाच्य अक्षरात लिहा. मुलांनीही सही केली तरी चालेल, बागेत जास्त धुडगूस त्यांचाच असतो. पेन दोरीने टेबलाला बांधलेलं आहे, सवय जात नाही. आणि कृपा करून सही जेवणाच्या आधी करा, नंतर कागदावर श्रीखंडाचे डाग पडतात.