वावरातली वाट, आभाळातली वाट

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आभाळ मोकळं असतं, ही आम्हा कवींनी पसरवलेली एक समजूत आहे. तिला मीही हातभार लावलेला आहे. पाखरं, पंख, निळाई, कुंपण नसलेलं आभाळ असं बरंच काही लिहून झालं. खरी गोष्ट अशी की, आपल्या डोक्यावरच्या आभाळाला कुंपणं आहेत, फाटकं आहेत आणि 'परवानगीशिवाय आत येऊ नये' अशा पाट्याही आहेत. खालून त्या दिसत नाहीत, इतकंच. आज आकाशवाणीवरून आकाशाविषयीच बोलावं म्हणतो.

घरात मुलांच्या शाळेचा नकाशा असेल तर एक करून पाहा. मुंबई आणि कोलकाता यांच्यामध्ये पट्टी ठेवून रेघ ओढा. मग दिल्ली आणि हैदराबाद यांच्यामध्ये दुसरी. या दोन रेघा एकमेकींना कापतात ती जागा आपल्या यवतमाळच्या आसपास येते. विमानं काही शाळेच्या पट्टीनं उडत नाहीत, हे मला कळतं. पण रमजानात सहेरीसाठी उठलो की मी गच्चीवर जातो, आणि त्या वेळी डोक्यावरून लुकलुकत जाणारे दिवे पाहिले की वाटतं, आपण एका मोठ्या चौकाच्या खाली राहतो.

माझे वडील पोस्टात होते. ते सांगायचे की, रफी अहमद किडवाई दळणवळण मंत्री असताना, १९४९ मध्ये, रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून टपालाची विमानं निघायची, मध्यरात्री नागपूरला एकत्र यायची, थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि विमानं पुन्हा आपापल्या दिशेला जायची. वडिलांच्या लेखी नागपूर म्हणजे आभाळातलं बडनेरा जंक्शन.

अम्मी मात्र विमानाचं नाव काढू द्यायची नाही. त्याला कारण होतं, ते पुढे सांगतो. अखेर २०१२ साली ती हजला गेली. नागपूरहून विमान, आयुष्यातला पहिलाच विमानप्रवास. परत आल्यावर रीतीप्रमाणे माणसं भेटायला येऊ लागली. त्यांत माझे एक स्नेही होते, विमान वाहतूक नियंत्रणात सगळी नोकरी करून नुकतेच निवृत्त झालेले. अम्मीनं त्यांच्या हातावर खजूर ठेवला, जमजमचं पाणी दिलं आणि विचारलं, ''काहो भाऊ, वर तं ना पाटी, ना चौक. त्या ड्रायव्हरले वाट कोन दाखवते?''

ते हसले. म्हणाले, ''वाट आम्ही दाखवत होतो, अम्मी. पण सगळी वाट आमच्या हातात नव्हती.''

मग त्यांनी जे सांगितलं ते बी. ए. झालेल्या माझ्यासारख्या माणसालाही नवीन होतं. प्रवासी विमानांचे आभाळात ठरलेले मार्ग असतात, रस्त्यांना असावीत तशी त्यांना नावं असतात. मार्गांच्या आजूबाजूला मोठमोठे तुकडे राखून ठेवलेले असतात. काही प्रतिबंधित, काही निर्बंधित, काही धोक्याचे. कुठे लढाऊ विमानांचा सराव चालतो, कुठे तोफांच्या माऱ्याची जागा असते, कुठे क्षेपणास्त्राची चाचणी. प्रवासी विमानानं वळसा घालून जायचं. यात गैर काही नाही. लढाऊ विमान सरळ रेषेत जात नाही. ते गिरक्या घेतं, सूर मारतं. दोन विमानं ताशी ९०० किलोमीटरच्या वेगानं समोरासमोर आली, तर त्यांच्यातलं अंतर मिनिटाला तीस किलोमीटरनं मिटतं. तिथे 'जरा सरकून घ्या' असं म्हणायला वेळ नसतो.

''पण खरी अडचण वेगळीच,'' स्नेही म्हणाले. ''तुकडा दिवसभर राखलेला असतो. सराव दोन तासांत आटोपतो. कधी ढग येतात, सराव रद्दच होतो. तुकडा मात्र बंदच. कारण मोकळा झाला हे कुणी सांगितलेलंच नसतं.''

हे ऐकताना मला आमचं दारव्हा तालुक्यातलं गाव आठवलं. शाळा शेजारच्या गावात. पांधणीनं गेलं तर लांब, आणि पावसाळ्यात त्या पांधणीत गुडघाभर चिखल. वावरातून आडवं गेलं की निम्म्या वेळात शाळा. त्या वावराच्या मालकाला आम्ही आबाजी म्हणायचो. पेरणीच्या आदल्या संध्याकाळी आबाजी स्वतः वस्तीवर यायचे आणि सांगायचे, ''पोरहो, उद्यापासून वावर बंद. धुऱ्यानं जा.'' आम्ही धुऱ्यानं जायचो. पीक निघालं की पुन्हा यायचे. ''वावर खाली झालं. जा आता आडवे.'' दोन्ही निरोप ते सारख्याच जबाबदारीनं द्यायचे. पलीकडच्या वावराचा मालक तसा नव्हता. त्यानं बाभळीच्या काट्या लावल्या त्या लावल्याच. वावर पडीत असलं तरी काट्या तिथेच. आम्ही वळसा घालून पोचेपर्यंत प्रार्थना झालेली असायची आणि गुरुजींची छडी वाट पाहत असायची.

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम १४३ शेतकऱ्याला हद्दीवरून वाट मिळवून देतं. तिचा निवाडा तहसीलदार करतो. पण आबाजींच्या वावरातली ती आडवी वाट कुठल्याच कलमात बसणारी नव्हती. ती सांगण्या-ऐकण्यावर चालली होती. मालकी त्यांची, पीक त्यांचं, वेळ आली की बंद करायचा अधिकार त्यांचा. आणि गरज नसेल तेव्हा वाट पोरांची.

जगभर ज्याला 'हवाई क्षेत्राचा लवचीक वापर' म्हणतात, तो माझ्या मते आबाजींचाच कारभार आहे. युरोपातल्या देशांनी तो मार्च १९९६ पासून अमलात आणला. त्यामागचा विचार असा की, आभाळाचा कोणताही तुकडा कायमचा लष्करी नाही आणि कायमचा नागरीही नाही. आभाळ एकच आहे; ज्याला जेव्हा गरज असेल तेव्हा, तेवढ्या वेळापुरतं ते द्यायचं. त्याच्या तीन पायऱ्या आहेत. दोन्ही खात्यांच्या वरिष्ठांनी बसून धोरण ठरवायचं, ही पहिली. आदल्या दिवशी कुणाला कोणता तुकडा किती वाजेपासून किती वाजेपर्यंत हवा ते मांडायचं, ही दुसरी. आणि तिसरी प्रत्यक्ष त्या घटकेची, म्हणजे काम लवकर आटोपलं तर लगेच फोन उचलून 'घ्या, मोकळं झालं' असं सांगायचं. राखीव तुकड्यातून जाणाऱ्या अशा मार्गांना सशर्त मार्ग म्हणतात. पीक उभं असेल तर बंद, नसेल तर चालू.

त्याच १९९६ च्या नोव्हेंबरमध्ये आपल्याकडे जे घडलं ते अम्मीच्या भीतीचं कारण. १२ नोव्हेंबरची संध्याकाळ. दिल्लीहून सौदी अरेबियाचं बोइंग निघालं होतं. त्यात आखातात मजुरीला जाणारी माणसं होती, कुणी उमराहला निघालेलं होतं. समोरून कझाकस्तानचं विमान दिल्लीत उतरायला येत होतं. हरियाणातल्या चरखी दादरीच्या आभाळात दोन्ही एकमेकांवर आदळली. ३४९ माणसं होती. एकही वाचलं नाही. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीत निष्पन्न झालं की, कझाक विमान त्याला दिलेल्या १५,००० फुटांच्या उंचीखाली उतरलं. मूळ चूक तीच. ती झाकायची नाही. पण त्या काळी दिल्लीभोवतालच्या आभाळाचा मोठा भाग हवाई दलासाठी राखलेला होता, आणि येणाऱ्या व जाणाऱ्या प्रवासी विमानांना मिळून एकच पट्टा उरला होता. वर-खाली हजार फूट, एवढंच काय ते अंतर. तिथल्या रडारवर विमान कुठे आहे ते दिसायचं, किती उंचीवर आहे ते दिसायचं नाही. अपघातानंतर येण्या-जाण्याचे पट्टे वेगळे झाले, धडकेचा इशारा देणारं यंत्र सक्तीचं झालं. वळशाचा रस्ता म्हणजे फक्त उशीर, असं आपल्याला वाटतं. कधी कधी तो एकाच अरुंद पुलावरून दोन्हीकडची वाहतूक सोडण्यासारखा असतो.

अम्मीनं ती बातमी त्या वेळी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली होती. पुढची सोळा वर्षं हजचा विषय निघाला की ती गुडघेदुखी पुढे करायची.

आपल्या राज्यात आणि शेजारी हा प्रश्न लोक रोज अनुभवतात, फक्त त्याचं नाव त्यांना ठाऊक नसतं. पुण्याचं लोहगाव हे मुळात हवाई दलाचं ठाणं. २००२ मध्ये सुखोई-३० एमकेआय विमानं दलात सामील झाली ती तिथेच. प्रवासी विमानं त्याच धावपट्टीवर उतरतात आणि हवाई दलाच्या वेळा सांभाळून उडतात. २०२१ च्या ऑक्टोबरात धावपट्टीच्या कामासाठी तो विमानतळ दोन आठवडे बंद राहिला, तेव्हा पुणेकरांना धावपट्टी कुणाची हे नव्यानं आठवलं. गोव्यातला दाबोळी नौदलाचा. अनेक वर्षं तिथे कामाच्या दिवशी सकाळचे काही तास नौदलाच्या सरावाला राखलेले असत आणि पर्यटकांची विमानं दुपारनंतर गर्दी करत. जानेवारी २०२३ पासून मोपाचा विमानतळ चालू झाला आणि ती गर्दी वाटली गेली.

पण नवा विमानतळ बांधता येतो, नवं आभाळ कुठून आणणार? मे २०२० मध्ये अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी जाहीरपणे सांगितलं होतं की, भारताच्या हवाई क्षेत्रापैकी फक्त ६० टक्के भाग मोकळेपणानं वापरता येतो. निर्बंध सैल केले तर विमान वाहतुकीचा वर्षाला सुमारे १,००० कोटी रुपयांचा फायदा होईल. आकडा मोठा आहे, म्हणून लहान करून सांगतो. आपण ज्यात बसतो तसलं मध्यम आकाराचं जेट विमान उडताना मिनिटाला साधारण ४० किलो इंधन जाळतं. पाच मिनिटांचा वळसा वाचला तर २०० किलो इंधन वाचतं, आणि जवळजवळ ६३० किलो कार्बन डाय-ऑक्साईड हवेत जात नाही. हे एका विमानाचं, एका फेरीचं. आपल्या तिकिटात इंधनाचा वाटा किती मोठा असतो हे मी सांगायला नको.

कुणी म्हणेल, संरक्षणापुढे पाच मिनिटांचं काय घेऊन बसलात? मला हा प्रश्न रास्त वाटतो. पण मे २०२५ आठवून पाहा. पाकिस्तानशी संघर्ष पेटला तेव्हा उत्तर आणि पश्चिम भारतातले ३२ विमानतळ प्रवासी विमानांसाठी बंद झाले. कुणी तक्रार केली नाही. १२ मे रोजी ते पुन्हा खुले झाले. म्हणजे वेळ आली की मालक आपलं वावर लगेच परत घेऊ शकतो, आणि लोक निमूट धुऱ्यानं जातात. देऊन टाकलेलं परत मिळत नाही ही भीती निदान आभाळाच्या बाबतीत खरी नाही. उलट कुणी आभाळ कायमचं मिटलं की काय होतं तेही आपण पाहिलं आहे. २०१९ मध्ये पाकिस्ताननं आपलं हवाई क्षेत्र फेब्रुवारीअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत बंद ठेवलं, आणि लांबच्या वळशांपायी एकट्या एअर इंडियाचं जुलैच्या सुरुवातीपर्यंतच ४९१ कोटींचं नुकसान झाल्याचं संसदेत सांगण्यात आलं.

आपल्या विदर्भाचा या गोष्टीशी संबंध केवळ नकाशावरच्या रेघांपुरता नाही. आज भारताचं हवाई क्षेत्र दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई अशा चार मुख्य विभागांत वाटलेलं आहे. हे चारही जोडून वरच्या आभाळाचा कारभार नागपूरहून एकत्र चालवायची कल्पना भारतीय विमानतळ प्राधिकरणानं मांडली आहे. तिचं नाव 'ईशान'. २०२४ मध्ये तिच्या सविस्तर प्रकल्प अहवालासाठी इच्छुकांकडून प्रस्ताव मागवले गेले. एकोणीसशे एकोणपन्नासचं ते मध्यरात्रीचं जंक्शन पुन्हा भरणार असेल तर वडिलांना आनंद झाला असता. (आमच्या यवतमाळलाही धावपट्टी आहे. पण विमानात बसायचं तर यवतमाळकराला नागपूर किंवा २०२५ पासून अमरावती गाठावी लागते. तो वेगळ्या भाषणाचा विषय.)

मात्र एका छताखाली सगळे पडदे आणि सगळी यंत्रं आणली तरी तिसरी पायरी उरतेच. माझ्या स्नेह्यांनी त्या दिवशी सांगितलं, ''हवाई दलाकडून थेट फोन असायचा. चार वाजेपर्यंत राखलेला तुकडा. कधी एखादा अधिकारी पावणेचारलाच सांगायचा, आमचं झालं, घ्या. मग मी तीन-चार विमानांना सरळ सोडायचो. पायलट मनापासून 'थँक यू' म्हणायचे. त्या अधिकाऱ्याला ते कधी ऐकू गेलं नाही.''

अम्मी लक्ष देऊन ऐकत होती. तिनं आणखी एक खजूर त्यांच्यापुढे सरकवला.

''अन् तो फोन कराले इसरला तं?''

''मग विमान धुऱ्यानं जातं, अम्मी,'' ते म्हणाले. ''पोचतं. उशिरा पोचतं.''