मुक्या सोबत्यांचे दात



बैलबाजारात शेतकरी प्रथम बैलाचे तोंड उघडून पाहतो. आदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला अशा शब्दांनी जनावराचे वय ठरते आणि वयावरून किंमत. तेव्हा दातांचे मोल आपल्या समाजास ठाऊक नाही, असे म्हणता यावयाचे नाही. परंतु जे विकावयाचे नसते, त्या अंगणातल्या कुत्र्याचे वा चुलीपाशी बसणाऱ्या मांजराचे तोंड सहसा कोणी पाहत नाही.

कुत्र्याच्या पिलास दुधाचे २८ दात असतात. सुमारे चौथ्या महिन्यापासून ते पडू लागतात व सातव्या महिन्यापर्यंत कायमचे ४२ दात येतात. मांजरास दुधाचे २६ व कायमचे ३० दात असतात. माणसाप्रमाणे दात किडणे कुत्र्यात क्वचितच आढळते. त्याचा खरा शत्रू हिरड्यांचा रोग होय. दातांवर जंतूंचा चिकट थर बसतो. लाळेतील क्षारांमुळे तो काही दिवसांत दगडासारखा कठीण होतो. त्यासच कीटण म्हणतात. पुढे हिरडी लाल होऊन सुजते. येथवर रोग परतविता येतो. मात्र दातास आधार देणारे हाड झिजले, म्हणजे गेलेला आधार सहसा परत मिळत नाही. दात हलू लागतो.

मुके जनावर दुखणे सांगत नाही. दुखऱ्या तोंडानेही ते बहुधा खात राहते. तोंडास दुर्गंधी येणे, एकाच बाजूने चावणे, घास खाली पडणे, हिरडीतून रक्त येणे या खुणा घरातील वडील मंडळींनी ओळखाव्यात. मऊ ब्रशाने किंवा बोटास गुंडाळलेल्या ओल्या फडक्याने दातांची बाहेरील बाजू रोज पुसावी. ही सवय पिलू लहान असतानाच लावावी. माणसाची टूथपेस्ट वापरू नये. कुत्रे ती गिळते, आणि काहींत असणारे झायलिटॉल त्यास विषच ठरते. शिजवलेली हाडे देऊ नयेत; त्यांचे तुकडे तोंडात व पोटात टोचतात. जमलेले कीटण घरी खरवडू नये. ते काढणे पशुवैद्याचे काम आहे.

येथे एक इशारा वर्गात अवश्य द्यावा. लाळ गळणे, गिळता न येणे, जबडा लोंबणे ही दंतरोगाचीच नव्हे, तर पिसाळण्याचीही लक्षणे असू शकतात. घशात हाड अडकले असेल, अशा समजुतीने कोणीही तोंडात हात घालू नये. कुत्रे चावल्यास किंवा जखमेस त्याची लाळ लागल्यास ती जागा साबणाने व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लस घ्यावी.

मुलांनी दात घासावयाचे नाहीत. त्यांनी दुरून पाहावे व घरी सांगावे. आपले कुत्रे आज नीट जेवले का, एवढा प्रश्न परिपाठाच्या वेळी विचारला, तरी पुरे. ज्यास बोलता येत नाही त्याचे दुखणे ओळखणे, हा विज्ञानाचा पाठ आहे, तसाच माणुसकीचाही आहे.