तपासणीचं मोल



समोर तरुण मेकॅनिक बरेच दिसतात. दुसऱ्याच्या गॅरेजात हात काळे करून आता स्वतःची पाटी लावावी, असं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्याशीच आज बोलतो.

जागेचं भाडं, लिफ्ट, कॉम्प्रेसर, मुद्रा कर्जाचा हप्ता, सगळं तुम्ही मांडलेलं असतं. त्या हिशोबात एक रक्कम मात्र नसते: दोष शोधण्याचे पैसे. आपल्याकडे मजुरी मिळते ती पान्हा फिरवल्याची. डोकं चालवलं ते फुकट. ही तूट मग स्पेअर पार्टच्या कमिशनमधून भरून काढायची, आणि गिऱ्हाइकाच्या मनात शंका शिरते ती तिथेच. पार्ट बदलला तरच ज्याची कमाई होते, तो ‘बदलायची गरज नाही’ असं कशाला सांगेल?

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे उत्सर्जनाचं मानक लागू झालं, सेन्सरवरची भिस्त वाढली आणि हा प्रश्न आणखी अवघड झाला. चेक इंजिनचा दिवा लागलेली पेट्रोल गाडी येते. स्कॅनर सांगतो, मिश्रण पातळ आहे. घाईत ऑक्सिजन सेन्सर बदलला जातो आणि चार दिवसांनी दिवा पुन्हा लागतो. खरा दोष असतो एअर फ्लो सेन्सरच्या पुढच्या रबरी नळीला गेलेल्या चिरेत. तिथून न मोजलेली हवा आत शिरते. ताप मोजला म्हणजे रोग कळला, असं नव्हे. धूर सोडून ती चीर शोधणाऱ्याला नळीपुरते पैसे मिळत असतील, तर पुढच्या वेळी तोही सेन्सरच बदलेल.

ही विद्या किती मोलाची, ते कंपन्यांना नीट ठाऊक आहे. सुटे भाग, तपासणीची उपकरणं आणि तांत्रिक माहिती स्वतंत्र गॅरेजांना खुली न ठेवल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने 2014 मध्ये 14 मोटार कंपन्यांना मिळून सुमारे 2,544 कोटी रुपयांचा दंड सुनावला. प्रकरण पुढे अपिलात गेलं. पण कंपन्या जे इतकं जपतात, ते आपण फुकट का वाटावं?

म्हणून सांगतो, बॉनेट उघडण्याआधी जॉब कार्ड लिहा. तपासणीचे पैसे वेगळे घ्या आणि काय सापडलं ते लिहून द्या. पुढचं काम गिऱ्हाइकाने दुसरीकडे केलं तरी चालेल. काढलेला पार्ट त्याच्या हाती ठेवा. शेजारचा फुकट बघतो म्हणून काही जण जातील. त्यांना जाऊ द्या.

दर ज्याने त्याने आपापला ठरवावा. गॅरेजवाल्यांच्या संघटनेने सगळ्यांचा एकच दर बांधणं स्पर्धा कायद्यात बसत नाही, आणि ज्या कायद्याने आपली बाजू उचलून धरली, तो आपणच मोडू नये. संघटनेने महागडी उपकरणं सामाईक घ्यावीत, वायरिंग आकृत्या वाचायला शिकवावं, उच्च व्होल्टेजच्या इलेक्ट्रिक गाड्यांना हात लावण्याआधीचं प्रशिक्षण द्यावं.

आणि तुम्ही पाटी लावाल, तेव्हा तपासणीचा दर तिच्यावर ठळक लिहा. तो वाचून जो आत येईल, तो तुमच्या अकलेचे पैसे मोजायच्या तयारीनेच आलेला असेल. गॅरेज अशाच गिऱ्हाइकांवर उभं राहतं.