चित्रकाराच्या कामाचा हिशेब



राळेगणसिद्धीत येऊन श्रमाविषयी बोलणे हे एका परीने धाडसच होय. पारनेर तालुक्यातील हे अवर्षणग्रस्त गाव 1975 नंतर कसे उभे राहिले, ती कथा महाराष्ट्राने पुष्कळदा ऐकली आहे. सैन्यातून परतलेल्या अण्णा हजारे यांनी स्वतःच्या पैशातून यादवबाबांच्या मंदिराचा जीर्णोद्धार आरंभला, लोक हात लावू लागले, आणि पुढे नालाबांध, पाझर तलाव, झाडे ही कामे त्याच हातांनी झाली. श्रमदान या शब्दाला या गावाने नवी प्रतिष्ठा दिली. परंतु श्रमदानाला एक अट असते आणि तिची आठवण क्वचितच ठेवली जाते. सारे गाव घाम गाळते आणि अडवलेले पाणी साऱ्या गावाच्या विहिरींत पाझरते, तेव्हा ते श्रमदान. एकानेच राबायचे आणि फळ इतरांनी घ्यायचे, याला मराठीत वेगळा आणि फार जुना शब्द आहे : वेठ.

चित्रकाराकडून समाज जे काम करून घेतो ते पुष्कळदा या दुसऱ्या प्रकारात मोडते. गणेशोत्सवाची आरास, स्नेहसंमेलनाचा पडदा, पुढाऱ्याचे मानपत्र ही कामे 'कलेची सेवा' म्हणून करून घेतली जातात, आणि शेवटी शाल व श्रीफळ देऊन हिशेब मिटवला जातो. पुरोगामी चळवळींनीही याबाबत फार ताठ मानेने बोलू नये. मोर्चाचे फलक रात्रभर जागून रंगवणाऱ्याला चहा मिळतो. मंडपवाल्याचे आणि ध्वनिक्षेपकवाल्याचे बिल मात्र दुसऱ्या दिवशी चुकते होते. किमान वेतनासाठी घोषणा देणाऱ्यांच्या हातातील फलकाला वेतन नसावे, ही विसंगती कोणाला खटकलेली दिसत नाही.

खेड्यातील चित्रकार म्हणजे प्रथम 'पेंटर'. दुकानाची पाटी, ट्रॉलीच्या मागचे नाव, शाळेच्या भिंतीवरचा नकाशा, निवडणुकीची चिन्हे हे त्याचे काम. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान 2000 साली सुरू झाले तेव्हा गावोगावच्या भिंती अशाच हातांनी बोलक्या केल्या. पाटीच्या कोपऱ्यात त्याची बारीक सही असे. पुढे फ्लेक्स आला आणि सहीच्या जागी छपाईच्या दुकानाचा मोबाईल क्रमांक आला. यंत्र आले म्हणून रडत बसावे असे नव्हे. हातमागाच्या बाबतीत तो विलाप करून झाला आहे. प्रश्न इतकाच की हातमाग विणकरासाठी सहकारी संस्था, सवलतीचे सूत, खरेदीची योजना यांचा निदान विचार तरी झाला. पेंटरचा धंदा बुडाला तेव्हा एक धंदा बुडाला अशी नोंदही कोठे झाली नाही.

नोंद का झाली नाही याचे उत्तर एका भिंतीवरच सापडते. इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठीच्या कायद्याखाली, वर्षात 90 दिवस काम केलेला रंगारी कल्याणकारी मंडळाकडे नाव नोंदवू शकतो. त्याला अपघाताचे साहाय्य, मुलांच्या शिक्षणाची मदत अशा सोयींचा हक्क मिळतो. आता समजा, त्याने शाळेची भिंत पांढरी केली आणि शिडीवरून उतरला. त्याच शिडीवर दुसरा माणूस चढला आणि त्या पांढऱ्या भिंतीवर त्याने सावित्रीबाईंचे चित्र काढले. पहिला कामगार ठरला. दुसऱ्याला कायद्याच्या भाषेत काय म्हणावे? शिडी तीच, उंची तीच, पडला तर मोडणारे हाडही तेच. पण दुसरा 'कलावंत' आहे, आणि कलावंत पडत नाही अशी बहुधा समजूत असावी.

राळेगणहून फार दूर नसलेल्या अहिल्यानगर शहरात, त्या वेळच्या अहमदनगरात, 2018 साली चित्रकार-शिल्पकार प्रमोद कांबळे यांच्या स्टुडिओला आग लागली आणि वर्षानुवर्षांचे काम जळाले. कांबळे हे नामवंत. लोकांना हळहळ वाटली. पण ती घटना साऱ्या व्यवसायाला एक प्रश्न विचारून गेली. शेतकऱ्याचा ऊस जळाला तर तलाठी पंचनामा करतो. एकरी उतारा ठरलेला असतो, भाव ठरलेला असतो. चित्र जळाले तर पंचनाम्यात काय लिहायचे? कापडाची किंमत, रंगाच्या नळ्यांची किंमत? अर्धवट राहिलेल्या मातीच्या शिल्पाची किंमत मातीच्या भावाने लावायची? स्टुडिओ हा चित्रकाराचा कारखाना असतो हे जोवर विमा कंपनी, बँक आणि महसूल खाते यांच्या कागदावर येत नाही, तोवर गावोगावच्या लहान चित्रकाराचा कारखाना हा घरातील अडगळीचा भागच समजला जाणार.

याच्या अगदी उलट टोक मुंबईच्या लिलावगृहात पाहावयास मिळते. वासुदेव गायतोंडे 1924 साली नागपुरात जन्मले, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि 2001 साली दिल्लीत वारले. अखेरची वर्षे त्यांनी जवळजवळ अज्ञातवासात काढली. डिसेंबर 2013 मध्ये मुंबईतील एका लिलावात त्यांचे एक चित्र 23 कोटी 70 लाख रुपयांना गेले. वर्तमानपत्रांनी मराठी माणसाचा अभिमान म्हणून ती बातमी छापली. त्या रकमेत चित्र काढणाऱ्या हाताचा वाटा किती, हा प्रश्न मात्र अभिमानाच्या भरात राहून गेला.

वस्तुतः हा वाटा कायद्याने मान्य केलेला आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 1994 च्या दुरुस्तीने 53 अ हे कलम घातले गेले. मूळ चित्र, शिल्प वा रेखाटन 10 हजार रुपयांहून अधिक किमतीला पुन्हा विकले गेले, तर त्या किमतीत कलावंताचा किंवा त्याच्या कायदेशीर वारसांचा हिस्सा असतो. त्याची कमाल मर्यादा 10 टक्के. फ्रान्सने असा हक्क 1920 सालीच दिला होता. आपल्या कायद्याने हक्क दिला, पण वसुलीची यंत्रणा दिली नाही. एकेकट्या चित्रकाराने लक्षाधीश संग्राहकाच्या मागे न्यायालयात धावावे, अशी ही व्यवस्था आहे. कुळकायदा करावा आणि तालुक्याला तहसीलदारच नेमू नये, असाच हा प्रकार होय. हक्क एकेकट्याने वसूल होत नाहीत, संघटनेने होतात, हे कामगार चळवळीला कोणी सांगायला नको. गीतकार-संगीतकारांच्या संस्था स्वामित्वधन गोळा करून वाटतात. चित्रकारांनी तसे का करू नये?

खेड्यातील मुलाला या लिलावाशी काय देणेघेणे, असे कोणी म्हणेल. त्याच्यापुरती चित्रकलेची एकच पगारी नोकरी होती, ती म्हणजे ड्रॉइंग मास्तरांची. एलिमेंटरी आणि इंटरमीडिएटच्या परीक्षांना मुले बसवणारे, फळ्यावर खडूने शिवाजी महाराज उभे करणारे हे मास्तर अनेकांचे पहिले आणि अखेरचे कलागुरू ठरले. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात मात्र कलेसाठी 'अंशकालीन निदेशक' आहे, आणि तोही सहावी ते आठवीची पटसंख्या शंभरावर असेल तरच. लहान गावच्या शाळेत शंभर मुले कोठून आणायची? म्हणजे जेथे कलेचे दुसरे कोणतेही दार नाही, नेमके तेथलेच दार बंद.

शासन काहीच करत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. वृद्ध साहित्यिक व कलावंतांना मानधन देण्याची योजना 1954-55 पासून चालत आली आहे. पण तिच्या दारात उभे राहण्यासाठी वयाची पन्नाशी ओलांडावी लागते. कलावंताची तिशी-चाळिशी, जेव्हा भाडे भरायचे असते, मुले लहान असतात आणि हातात सर्वांत अधिक काम असते, ती वर्षे कोणत्याच योजनेत बसत नाहीत. हॉलंडमध्ये 1949 ते 1987 पर्यंत सरकार चित्रकारांची कामे विकत घेऊन त्यांना उत्पन्न पुरवत असे. गोदामे चित्रांनी भरली आणि योजना बंद पडली, हेही सांगितले पाहिजे. आयर्लंडने 2022 पासून 2000 कलावंतांना दर आठवड्याला 325 युरो देण्याचा प्रयोग केला आणि बदल्यात चित्र मागितले नाही. दोहोंपैकी दुसरा मार्ग अधिक शहाणपणाचा दिसतो. मात्र ज्या राज्यात कलावंतांची साधी गणती नाही, तेथे त्याची चर्चा तूर्त दूरचीच.

गावाच्या हाती असलेली गोष्ट लहान आहे. भिंतीचे माप घेताना पंचायतीचा माणूस लांबीला रुंदीने गुणतो आणि चौरस फुटाचा दर लावतो. तेवढ्याने रंग लावण्याची मजुरी निघते, चित्राची निघत नाही. त्या कागदावर आणखी रकाने हवेत : रेखाटनाचे पैसे वेगळे, रंगसामानासाठी उचल आधी, शिडीवरून पडल्यास औषधोपचार कोणाचा हे स्पष्ट, आणि कोपऱ्यात सहीची जागा. पाण्याच्या थेंबाथेंबाचा हिशेब ठेवणाऱ्या या गावाच्या ग्रामसभेत असा ठराव मांडायला मुंबईच्या परवानगीची गरज नाही. येत्या पावसाळ्यानंतर शाळेची भिंत पुन्हा रंगवावी लागेलच.