श्वानपथक धाडण्यापूर्वी

गावात घरफोडी झाली की पहिली मागणी होते ती पोलिसांच्या कुत्र्याची. कुत्रा येतो, अंगण हुंगतो, गल्लीतून झपाझप चालत जातो आणि मोटारींच्या नाक्यावर येऊन थबकतो. जमलेली मंडळी हसतात. वास्तविक चोर तेथूनच वाहनात बसला, एवढे त्या मुक्या प्राण्याने सांगितलेले असते. परंतु त्याला केव्हा बोलवावे, कोठे धाडावे आणि कोठे धाडू नये, हा निर्णय माणसाचा असतो. आणि त्या निर्णयाविषयीच आज मला थोडे बोलावयाचे आहे.

११२ या क्रमांकावरील हाक नियंत्रण-कक्षात येते. जवळची गाडी प्रथम निघते. ठाण्याचा अधिकारी जागा पाहून श्वानपथक हवे असल्यास तसे कळवितो. बहुतेक जिल्ह्यांत हे पथक जिल्ह्याच्या ठिकाणी असते व कुत्री मोजकीच असतात. तेव्हा कक्षातील अंमलदाराला काही प्रश्न विचारावेच लागतात.

पहिला प्रश्न, काम कोणते? सर्वच कुत्री सर्व कामे करीत नाहीत. पायांचा माग काढणारे कुत्रे निराळे, स्फोटके हुंगणारे निराळे, अमली पदार्थ शोधणारे निराळे. १९९३ सालच्या मुंबईतील बॉम्बस्फोटांनंतर नावाजलेला आणि २००० साली वारलेला जंजीर हा लॅब्रडॉर स्फोटके शोधणारा होता. असा कुत्रा वास लागताच शांतपणे खाली बसतो. तेथे भुंकणे वा पंजाने उकरणे जिवावर बेतेल. एकाच कुत्र्याला गांजा आणि बॉम्ब ही दोन्ही कामे शिकविली, तर तो बसला असता पेटी उघडावयाची की माणसे दूर न्यावयाची, हे कोणी सांगावे? ग्वाल्हेरजवळ टेकनपूर येथे सीमा सुरक्षा दलाचे श्वान-प्रशिक्षण केंद्र आहे. तेथे कुत्रा आणि त्याचा हस्तक यांना कित्येक महिने एकत्र शिकवितात, कारण कुत्र्याची खूण वाचणे हेही एक शिक्षणच आहे.

दुसरा प्रश्न, घटना केव्हा घडली व तेथे कोण वावरले? माणसाच्या अंगावरून त्वचेचे सूक्ष्म कण सतत गळत असतात. पायाखाली गवत चुरडते, माती उकरली जाते. या सर्वांचा मिळून माग होतो. पहाटेच्या ओलसर जमिनीवर तो टिकतो. भर दुपारी डांबरी रस्त्यावर लवकर विरतो. मुसळधार पावसाने तो धुऊन जातो आणि शेजाऱ्यांच्या पावलांखाली तो पुरता मिसळून जातो. गुजरातेतले जुने पगी पाऊल ओळखण्यापूर्वी भोवतालची माणसे हटवीत असतील, तर तेही याच शहाणपणाने.

तिसरा प्रश्न सर्वांत कठीण आहे. अशी कल्पना करा की, मोकळे असलेले माग काढणारे कुत्रे एकच आहे. एका पेढीवर चोरी झाल्याची वर्दी आधी आली. मागाहून एका वाडीतून पाच वर्षांचे मूल संध्याकाळपासून नाहीसे असल्याची वर्दी आली. रात्र पडली आहे, जवळ ओढा आहे. येथे वर्दीचा अनुक्रम पाहावयाचा नसतो. गेलेले द्रव्य उद्याही शोधता येते. मुलाची रात्र परत येत नाही. कुत्रे वाडीकडे जाते. पेढीच्या मालकाला 'आज कुत्रे मिळणार नाही' असे सांगण्याचे अप्रिय काम त्या अंमलदाराला करावे लागते. शिवाय कुत्रेही थकते. धापा टाकणाऱ्या प्राण्याला नीट हुंगता येत नाही. तीन ठिकाणी फिरविलेले कुत्रे चौथ्या ठिकाणी केवळ समजूत घालण्यापुरते नेणे, हा त्याच्यावरही अन्याय आणि तपासावरही.

आणखी एक गोष्ट. कुत्रा एखाद्या दारापाशी थांबला म्हणजे त्या घरातला माणूस गुन्हेगार ठरत नाही. महाराष्ट्रातून आलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली या पुराव्याचा विचार केला आणि त्याला सामान्यतः फारसे वजन देता येत नाही, असे मत दिले. कुत्र्याची उलटतपासणी घेता येत नाही! त्याने दिशा दाखवावी. पुरावा माणसांनी गोळा करावा. घाईने व उशिराने धाडलेले कुत्रे एखाद्या निरपराध्याच्या उंबऱ्यावर जाऊन थांबले, तर गावाची नजर त्या घरावरून पुढे कित्येक वर्षे हटत नाही. हेही कक्षातल्या माणसाला ठाऊक असावे लागते.

मग आपण काय करावे? घरफोडी दिसली की आत शिरू नये, पडलेली चप्पल वा फडके उचलू नये, शेजाऱ्यांना अंगणाबाहेर थांबवावे आणि वर्दी देताना वेळ, पाऊस, वर्दळ यांची खरी माहिती द्यावी. आत कोण कोण जाऊन आले, हे लपवू नये. तिकडे अंधारात बसून निर्णय करणाऱ्या माणसाला दिसते ते आपल्याच शब्दांतून. त्याचा निर्णय बरोबर ठरावा, असे वाटत असेल तर आपले शब्द खरे असले पाहिजेत.