विधी शाखेतील पीएच.डी. : गाईडकडे जाण्यापूर्वी
(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



एलएल.एम. झालेली आपली मुलेमुली आता पीएच.डी.कडे वळू लागली आहेत, याचा आम्हाला आनंद आहे. पण सल्ल्याला येणारे बहुतेक जण पहिला प्रश्न एकच विचारतात, "सर, चांगला गाईड कोण?" आम्ही विचारतो, विषय कोणता? उत्तर येते, "गाईड देतील तो." गाडी अडते ती इथेच.

गाईडने दिलेला विषय त्यांच्या अभ्यासाचा असतो, आपल्या तळमळीचा असेलच असे नाही. शिवाय त्यांचा वेळ वाटला गेलेला असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे प्राध्यापकाकडे एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ विद्यार्थी असू शकतात. मुदत किमान ३ आणि कमाल ६ वर्षे. पुनर्नोंदणीने फार तर आणखी २. (महिलांना व ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना २ वर्षांची जादा सवलत आहे.) घरातला पहिला पदवीधर यातले पहिले वर्ष विषय शोधण्यातच घालवू लागला, तर घरच्यांना तो काय सांगणार?

एक उदाहरण घेऊ. विद्यार्थी म्हणतो, "अॅट्रॉसिटी कायद्यावर करायचे आहे." १९८९ चा हा कायदा. यावर जन्मभर लिहिता येईल, प्रबंध मात्र होणार नाही. आता जरा खाली उतरू. २०१५ च्या दुरुस्तीने यात कलम १५ अ आले. २६ जानेवारी २०१६ पासून ते लागू झाले. सुनावणीची, जामिनाचीसुद्धा, वेळेवर सूचना मिळण्याचा आणि आपले म्हणणे मांडण्याचा हक्क त्याने पीडिताला दिला. २०२१ मध्ये हरिराम भांभी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही सूचना बंधनकारक असल्याचे सांगितले. मग अमुक एका जिल्ह्याच्या विशेष न्यायालयात, त्या निकालानंतरच्या जामीन अर्जांत, फिर्यादीला सूचना खरोखर मिळाली का? तो हजर राहिला का? त्याला बोलू दिले का? हा झाला प्रश्न. याचे उत्तर ग्रंथालयात बसून मिळणार नाही. रोजनामे पाहावे लागतील, नकला काढाव्या लागतील, कागदपत्रे पाहण्याची परवानगी मागावी लागेल, सरकारी वकिलांना आणि फिर्यादींना भेटावे लागेल. परवानगी मिळाली नाही तर काय करणार, याचाही विचार आधीच हवा. नुसते निकाल वाचून करायचे संशोधन वेगळे. ते कमी दर्जाचे मुळीच नाही, पण प्रश्न त्याला साजेसा असावा लागतो.

एवढे एका पानावर लिहा आणि मग गाईडकडे जा. प्रश्न कोणता, आधी कोणी काय लिहिले, कागद कुठे मिळतील. असे पान पुढ्यात असले की गाईडला खोडायला तरी काही मिळते.

आपल्या मुलांना गाईडसमोर "नाही" म्हणण्याची भीती वाटते. ती का वाटते हे आम्हाला ठाऊक आहे. बाबासाहेबांचे लंडनमधले गाईड प्रा. एडविन कॅनन. रुपयाच्या प्रश्नावरचा तो प्रबंध १९२३ मध्ये ग्रंथरूपाने आला, तेव्हा प्रस्तावना कॅनननीच लिहिली. बाबासाहेबांचे बहुतेक युक्तिवाद आपल्याला मान्य नाहीत, असे त्यांनी त्यात उघड सांगितले आणि तरीही विचारांतल्या ताजेपणाला दाद दिली. सगळेच गाईड कॅनन नसतात, हे खरे. म्हणून प्रत्येक भेटीनंतर काय ठरले ते चार ओळींत लिहून त्यांना ई-मेलने पाठवा. दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते, तेव्हा त्या चार ओळी हाताशी असतात.

बार्टीच्या अधिछात्रवृत्तीची जाहिरात आली की आमच्या अभ्यासिकेच्या फलकावर लावू. दरम्यान ज्यांचे एक पान तयार आहे त्यांनी ते आज जेवणानंतर घेऊन यावे, आम्ही मागच्या खोलीत बसलो आहोत. जयभीम.