मागणाऱ्याचा मान



पावतीपुस्तक घेऊन दारांत उभा राहिलेला मनुष्य आपणांस फारसा आवडत नाहीं. संस्था काढणाऱ्याचा आपण सत्कार करितों, देणगीदाराचें नांव संगमरवरावर कोरतों. पण ह्या दोघांची गांठ घालून देणारा मात्र विस्मृतींत जातो. त्याच्या कार्याविषयीं आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

पार्वतीबाई आठवले ह्यांचेंच उदाहरण घ्या. जन्म १८७० सालचा, कोंकणांतील. ऐन विशींत वैधव्य आलें, पदरीं मूल. त्यांच्या बहिणीचे पति धोंडो केशव कर्वे ह्यांनीं १८९६ सालीं विधवांसाठीं संस्था काढली. तेथें पार्वतीबाई शिकल्या आणि पुढें तिच्यासाठीं निधि जमविणें हेंच त्यांनीं जीवितकार्य मानिलें. त्या गांवोगांव हिंडल्या, सभांतून बोलल्या. १९१८ सालीं, इंग्रजी नीट येत नसतांना, त्या अमेरिकेस गेल्या. तेथें घरकाम करून पोट भरलें, भाषा शिकल्या आणि संस्थेसाठीं पैसे मिळविले.

ह्यांतून काय दिसतें? वर्गणी मागणें आणि लोकमत घडविणें हीं दोन कामें निराळीं नव्हेत. विधवेनें शिकावें कीं नाहीं, ह्या वादांत पार्वतीबाईंचें व्यासपीठावर उभें राहणें हेंच अर्धें उत्तर होतें. शिवाय चार आणे देणारा मनुष्य त्या दिवसापासून संस्थेचा थोडासा कैवारी होतो. शेजारी तिला नांवें ठेवूं लागला कीं तो तिची बाजू घेतो. सर विठ्ठलदास ठाकरसी ह्यांनीं कर्व्यांच्या महिला विद्यापीठास १५ लक्ष रुपये देऊं केले, ही गोष्ट मोठीच. परंतु अशी देणगी क्वचित् येते. धान्य, तेल आणि शिक्षकांचा पगार मात्र दरमहा लागतो. म्हणूनच खेड्यांतील शाळांसाठीं १९३६ सालीं मंडळ काढल्यावर, पंचाहत्तरी उलटलेले कर्वे पुन्हां घरोघर फिरले.

जो तरुण वा तरुणी हें काम पतकरील, त्यानें हिशेब चोख ठेवावा, नकार ऐकून कडवटपणा धरूं नये आणि ज्यांच्यासाठीं मागावयाचें त्यांचें दैन्य रंगवून त्यांचा मान विकूं नये.

आपलेंही एक कर्तव्य आहे. ‘समाजकार्य करतां, मग वेतन कशाला?’ असें आपण सहज विचारतों. उपाशी कार्यकर्ता दोन वर्षांत दुसरी नोकरी पाहतो, आणि त्याच्यावर विसंबलेलीं माणसें पुन्हां उघड्यावर पडतात. तेव्हां दारीं आलेल्यास हिशेब अवश्य विचारावा. पण आधीं त्यास बसावयास सांगावें.